पुठ्ठ्याच्या थडग्यांच्या बाजूने

आमच्या फिल्म सोसायटीत गेल्या महिन्यात मी 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' दाखवला. खेळ संपून दिवे लागले आणि चर्चेला तोंड फुटायच्या आतच आमचे सगळ्यात ज्येष्ठ सभासद उठले. आम्ही त्यांना सर म्हणतो. चित्रपट बघावा कसा, हे माझ्यासकट आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं. सर चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, एवढा वेळ पाण्यात गेला. दोन, तुम्ही ज्याला खदाखदा हसलात तो एका माणसाचा पराभव होता आणि पडलेल्या माणसाला हसणं हा रसिकपणा नव्हे. तीन, पैसे नव्हते ही सबब सांगू नका. पैसे 'पथेर पांचाली'लाही नव्हते.

हॉल बंद करायची वेळ झाली होती, मला धड उत्तर देता आलं नाही. पण तेव्हापासून ती तीन वाक्यं डोक्यातून जात नाहीत. सरांचं म्हणणं मला पटत नाही. का पटत नाही ते नीट सांगणं मी त्यांचं देणं लागतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी कबुली देतो, म्हणजे वाद भलत्याच गोष्टीवर होणार नाही. चित्रपट वाईट आहे. मी पोटापाण्यासाठी संकलन करतो. दिवसाचे आठ-दहा तास दुसऱ्यांनी घेतलेले शॉट एकाला एक जोडत बसणं हे माझं काम, त्यामुळे यातल्या चुका मला बाकीच्यांपेक्षा जास्त टोचतात. स्मशानातल्या एकाच प्रसंगात एका शॉटमध्ये मिट्ट रात्र असते, पुढच्यात लख्ख दिवस, तिसऱ्यात पुन्हा रात्र. थडगी पुठ्ठ्याची आहेत, धक्का लागला की डुलतात. विमानाच्या कॉकपिटला दाराच्या जागी पडदा टांगलाय. उडत्या तबकड्या म्हणजे दुकानात मिळणारी प्लास्टिकची मॉडेलं, दोऱ्यावर लटकवलेली. परग्रहावरच्या लोकांचा नववा बेत असा, की नुकत्याच मेलेल्या माणसांना उठवून चालवायचं. सगळ्या जगाला धाक बसवायला निघालेल्या त्या फौजेत उठलेली माणसं असतात फक्त तीन.

हा चित्रपट एड वूडने १९५६मध्ये हॉलिवूडच्या एका छोट्या स्टुडिओत चित्रित केला. खर्च सुमारे ६० हजार डॉलर. ते पैसे बॅप्टिस्ट चर्चच्या काही मंडळींनी घातले होते. त्यांना पुढे धार्मिक चित्रपट काढायचे होते आणि त्यासाठी आधी एका धंद्याच्या चित्रपटातून भांडवल उभं करायचं होतं. मूळ नावात थडगी लुटणाऱ्यांचा उल्लेख होता, तो त्यांना खटकला, म्हणून नाव बदललं. दिग्दर्शकासह काही जणांनी या मंडळींच्या समाधानासाठी बाप्तिस्माही घेतला. एक चित्रपट पुरा व्हावा म्हणून माणूस काय काय करतो, याची ही एक छोटी नोंद.

आता सरांचा तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात भक्कम आहे.

'पथेर पांचाली'ला पैसे नव्हते हे खरं. पण त्या चित्रपटाला जे हवं होतं ते जगात होतं. बोराल गाव होतं, काशफुलांचं रान होतं, आगगाडी होती, पाऊस होता. सत्यजित राय यांना वाट बघावी लागली, घरचे दागिने गहाण ठेवावे लागले, महिनोन् महिने काम अडलं. पण कॅमेरा शेवटी ज्याच्यासमोर उभा राहिला ते रान खरं होतं. विज्ञानपटाचं तसं नाही. त्याला हवी असलेली एकही वस्तू जगात नसते. दुसऱ्या ग्रहावरचं यान, तिथला माणूस, त्याच्या हातातलं यंत्र, त्याच्या मागची भिंतसुद्धा कुणीतरी बनवावी लागते आणि बनवलेल्या प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात. इतर कुठल्याही प्रकारात गरिबी पडद्याआड लपू शकते. विज्ञानपटात ती थेट पडद्याच्या मधोमध येऊन उभी राहते.

सर यावर क्रिस मार्करचा 'ला जेते' पुढे करतील, आणि करावाच. १९६२चा, २८ मिनिटांचा, जवळजवळ सगळाच्या सगळा स्थिर छायाचित्रांचा. तिसऱ्या महायुद्धानंतरचं पॅरिस, काळातला प्रवास, आणि हे सगळं फोटो, निवेदन आणि आवाजांवर. अख्ख्या चित्रपटात चित्र एकदाच हलतं, झोपलेली बाई डोळे उघडते तेव्हा. माझ्या लेखी तो जगातल्या उत्तम चित्रपटांपैकी एक आहे. मार्करला आपल्याजवळ काय नाही हे ठाऊक होतं आणि त्याने चित्रपट त्या मापातच कापला. वूडला ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्याने मानलं नाही. 'ला जेते' श्रेष्ठ आहे, यावर सरांशी माझा वाद नाहीच.

वाद इथे आहे: श्रेष्ठ कलाकृतीजवळ आपण जे घ्यायला जातो ते, आणि वूडसारख्याच्या चित्रपटाजवळ जे घ्यायला जातो ते, एक नाही. मार्करने हवं ते आणि मिळालं ते यांतलं अंतर पुसून टाकलं. वूडच्या चित्रपटात ते अंतर जसंच्या तसं पडून आहे. त्याच्या मनातलं दृश्य काय होतं हे मला दिसतं, हाती काय लागलं तेही दिसतं, आणि दोन्हींच्या मधे हातात पुठ्ठा घेऊन धावणारा माणूसही दिसतो. मला त्या माणसाची ओढ आहे.

उदाहरण जवळून बघू. 'रोबोट मॉन्स्टर', १९५३, दिग्दर्शक फिल टकर. चार दिवसांचं चित्रीकरण, खर्च सोळा हजार डॉलरच्या आसपास. गोष्टीत एक रोबो पृथ्वीवर येतो आणि मूठभर माणसं सोडून सगळी मानवजात नष्ट करतो. म्हणजे रोबो पाहिजे. रोबोचा पोशाख बनवायला पैसे नाहीत. पण टकरच्या ओळखीत जॉर्ज बॅरोज नावाचा एक नट आहे. त्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख आहे आणि तो त्या पोशाखासकट कामाला येतो. मग गोरिलाच्या अंगावर पाणबुड्याचं वाटावं असं शिरस्त्राण चढवायचं, त्याला वर अँटेना लावायच्या, झाला रोबो. त्याचा तळ म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनमधली गुहा. तिथल्या त्याच्या यंत्रातून साबणाचे फुगे निघतात, आणि फुग्यांच्या त्या मशीनचं नाव श्रेयनामावलीत आदराने दिलेलं आहे.

इथवर कुणीही हसेल, मीही हसतो. पण मग गोष्ट वळते. उरलेल्या माणसांना मारायचा हुकूम घेऊन निघालेल्या या रोबोला त्यांच्यातली एक मुलगी आवडायला लागते. हुकूम मोडता येत नाही आणि पाळताही येत नाही, अशा कात्रीत सापडलेला तो केसाळ प्राणी उन्हात उघड्या माळावर उभा राहून स्वतःशीच झगडतो. काचेआड चेहरा नाही. नट फक्त हात हलवू शकतो. आणि त्या दृश्याखाली संगीत आहे एल्मर बर्नस्टीनचं. डाव्या विचारांच्या संशयावरून त्याला तेव्हा मोठ्या स्टुडिओंची कामं मिळेनाशी झाली होती, म्हणून तो इथे आला होता. सात वर्षांनी 'द मॅग्निफिसंट सेव्हन'चं संगीत याच माणसाने दिलं. चित्रपट कसा चाललाय हे त्याला दिसत नसेल का? दिसत असणारच. तरी त्याचे सूर त्या रोबोला एकदाही हसत नाहीत. प्रेम आणि कर्तव्य यांत अडकलेल्या नायकाला जसं संगीत द्यायचं तसंच त्याने दिलंय. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा चित्रावर हसलो. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकला आणि माझं हसू तिथेच थांबलं.

या पैशांच्या गोष्टीला एक मोठी चौकटही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८मध्ये पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली. मुख्य चित्रपटाला जोड म्हणून स्वस्तातले चित्रपट काढणारे त्यांचे विभाग हळूहळू बंद पडले. पण दोन चित्रपट एका तिकिटात बघायची सवय काही गेली नाही, उलट ड्राइव्ह-इन थिएटरं वाढली, गाड्या घेऊन येणारी तरुण पोरं वाढली. ती पोकळी बाहेरच्या छोट्या लोकांनी भरली. रॉजर कॉर्मन त्यांच्यातला सगळ्यात हुशार. एड वूड सगळ्यात कमनशिबी.

आता बनवणाऱ्यांकडून बघणाऱ्यांकडे वळतो. मी मूळचा सिंधुदुर्गातला. माझ्या डोक्यात नाटक म्हणजे पहिलं दशावतार. देवळासमोरचा मांडव, हार्मोनियम, पखवाज, झांज, आणि मधोमध एक लाकडी बाक. तोच बाक इंद्राचं सिंहासन, तोच अरण्यातला दगड, तोच महालातला पलंग. लुगडं नेसलेला बाप्या त्या बाकावर बसून रडला की मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. बाक आहे म्हणून कुणी हसल्याचं मला आठवत नाही. आपण मराठी माणसं अशी बघणारी आहोत. समोर थोडं असलं तरी उरलेलं आपण घालतो, ही सवय आपल्या अंगात मुरलेली आहे.

यावर सर काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण हा धडा त्यांनीच दिलेला आहे. रंगभूमी संकेतावर चालते, ती मुळातच सांगते की हा बाक आहे, तुम्ही सिंहासन माना. कॅमेरा तसं म्हणत नाही. कॅमेरा म्हणतो, हे विमान आहे. आणि मग मागे पडदा हलताना दिसला तर तो संकेत ठरत नाही, ते खोटं उघडं पडणं असतं.

बरोबर आहे. पहिलं हसू तिथूनच येतं, हे मी मान्य करतो. पण त्या रात्री मी पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत होतो. पहिल्या वीस मिनिटांत थडगं डुललं की हशा उठत होता. अर्ध्या तासानंतर थडगी डुलतच होती, पण हशा तिथे उठत नव्हता. लोकांनी ती थडगी मान्य केली होती. बाक सिंहासन होतो तसं पुठ्ठ्याचं थडगं थडगं झालं होतं, फरक एवढाच की इथे संकेत दिग्दर्शकाने मांडला नव्हता, प्रेक्षकांनी आपल्या पदरचा घातला होता. कॅमेऱ्याने फसवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि तरीही आम्ही उठून गेलो नाही. हा ओढीचा गाभा आहे असं मला वाटतं. चाळीस माणसं एका अडखळणाऱ्या गोष्टीला हात देऊन पुढे नेतात. गुळगुळीत, कोट्यवधी डॉलरच्या चित्रपटात मला असं काही करायला मिळत नाही. तिथे माझं काम फक्त बसायचं.

आता दुसरा मुद्दा, पराभवाला हसण्याचा. सरांच्या तिन्ही वाक्यांपैकी हेच मला सगळ्यात लागलं, कारण त्यात तथ्य आहे.

एड वूड दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात होता. परत आला तो चित्रपट काढायचे म्हणून. काही काढले, चालले नाहीत. शेवटची वर्षं दारू आणि पोटासाठी लिहिलेल्या सवंग कादंबऱ्यांत गेली. १९७८च्या डिसेंबरमध्ये भाडं थकलं म्हणून त्याला नि त्याच्या बायकोला राहत्या घरातून काढलं, आणि काही दिवसांतच एका मित्राच्या घरी तो हृदयविकाराने वारला. वय ५४. दोन वर्षांनी, १९८०मध्ये, हॅरी आणि मायकेल मेडव्हेड या भावांचं एक पुस्तक आलं, त्यात 'प्लॅन नाइन'ला जगातला सगळ्यात वाईट चित्रपट आणि वूडला सगळ्यात वाईट दिग्दर्शक ठरवलं. त्या पुस्तकाने तो जगप्रसिद्ध झाला. ही गोष्ट सांगताना मला आजही कसंसं होतं. मेलेल्या माणसाच्या नावाने असा पुरस्कार देणं हा क्रूरपणा आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण त्या पुस्तकामागची एक गोष्ट बघा. त्याआधी, १९७८मध्ये, त्या लेखकांनी सगळ्यात वाईट पन्नास चित्रपटांचं एक पुस्तक काढलं होतं. त्यात 'प्लॅन नाइन' नव्हता. वाचकांची मतं मागवली तेव्हा वाचकांनीच तो पुढे केला. हे वाचक कोण होते? ज्यांनी रात्री-अपरात्री टीव्हीवर लागणारा हा चित्रपट लहानपणी पाहिला होता आणि वीस वर्षं डोक्यात बाळगला होता, ती माणसं. वर्षाला शेकड्यांनी चित्रपट येतात, बरेचसे नीटनेटके असतात, थडगी हलत नाहीत, दिवसाची रात्र होत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांचं नाव कुणाला आठवत नाही. वीस वर्षं आठवणीत राहिलेल्या चित्रपटाला लोकांनी 'वाईट' म्हणून मत दिलं, कारण मतपत्रिकेवर दुसरा रकाना नव्हता. या ओढीला आपल्याकडेही अजून नीट शब्द नाही, म्हणून ती हसण्याच्या नावावर खपते.

आणि टवाळीनेसुद्धा काही गोष्टी वाचल्या, हे नोंदवलं पाहिजे. अमेरिकेत १९८८मध्ये मिनिॲपोलिसच्या एका छोट्या टीव्ही केंद्रावर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झालं. एक माणूस आणि दोन रोबो-बाहुल्या पुढच्या खुर्च्यांत पाठमोरे बसून जुने फसलेले चित्रपट बघतात आणि बोलत राहतात. त्यांनी १९९३मध्ये 'मानोस: द हँड्स ऑफ फेट' दाखवला. टेक्सासमधल्या एल पासोच्या एका खतविक्रेत्याने १९६६मध्ये काढलेला हा भयपट. त्याचा कॅमेरा एका वेळी जेमतेम ३२ सेकंद चालायचा, आवाज सगळा नंतर भरलेला. तो कार्यक्रम नसता तर 'मानोस' एल पासोबाहेर कुणाला कळलाच नसता. पुढे २०११मध्ये एका तरुण छायालेखकाच्या हाती त्याची मूळ १६ मिलिमीटरची वर्कप्रिंट लागली. लोकांनी वर्गणी काढली, त्याने फ्रेमगणिक ती स्वच्छ केली. ओरखडे काढायचं काम मी केलेलं आहे. एका मिनिटाला सुमारे चौदाशे फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमकडे डोळे फुटेस्तोवर बघावं लागतं. तिरस्काराने ते काम होत नाही, सर. हात चालत नाही.

आता त्या शॉटबद्दल सांगतो, ज्याच्यासाठी मी 'प्लॅन नाइन' निवडला होता.

बेला लुगोसी. १९३१चा 'ड्रॅक्युला'. हंगेरीतून आलेला, एकेकाळी दारावर चाहत्यांची रांग असलेला नट. पुढे कामं आटली, दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागलं. १९५५मध्ये तो स्वतःहून सरकारी इस्पितळात दाखल झाला, आणि तशी वेळ आलेल्या त्या म्हाताऱ्याला काम देणारा माणूस होता एड वूड. वूडने त्याचे थोडे मूक शॉट घेऊन ठेवले होते, दुसऱ्याच एका चित्रपटासाठी. १६ ऑगस्ट १९५६ला लुगोसी गेला. वय ७३. ड्रॅक्युलाच्या अंगरख्यातच त्याला पुरलं. वूडकडे उरले ते ते थोडेसे शॉट, आणि 'प्लॅन नाइन' त्यांच्याभोवती रचला गेला. उरलेल्या प्रसंगांत लुगोसीच्या जागी वूडच्या बायकोचा कायरोप्रॅक्टर उभा राहिला. तो अंगाने उंच, चेहऱ्याने वेगळा, म्हणून अंगरख्याचं टोक नाकापर्यंत धरून चालतो. ते बघून आमच्याकडेही लोक हसले.

पण त्याआधी तो शॉट येतो. बायकोला पुरून आलेला म्हातारा घराबाहेर पडतो. साधं घर, दिवसाचं साधं ऊन. दारातल्या झाडाचं एक फूल घेतो, नाकाशी नेतो. मग चेहरा कोसळतो. काही नट रडायची तयारी करतात ती दिसते. इथे ती दिसत नाही. तो सावरतो आणि चालत चौकटीबाहेर जातो. पाठोपाठ गाडीच्या ब्रेकचा आवाज, किंकाळी. एवढंच. वरून निवेदकाचा आवाज बडबडत असतो, पण त्या फुलाजवळ तो कुणाला ऐकू येत नाही. आमच्या हॉलमध्ये त्या क्षणी चिटपाखरू हललं नाही. सर, तुम्हीही पुढे वाकला होतात, मी पाहिलं.

मी संकलक म्हणून सांगतो, त्या शॉटला पुढे-मागे काही जुळत नाही. प्रकाश जुळत नाही, हालचाल जुळत नाही. दुसऱ्या कुणीही तो टाकून दिला असता. वूडने टाकला नाही. मित्राचे शेवटचे काही फूट त्याच्याकडे होते आणि ते लोकांना दिसावेत म्हणून त्याने मागे-पुढे उडत्या तबकड्या, स्मशान, पोलीस, सगळं जग लावलं. बरं केलं की वाईट, यावर हवं तेवढं बोलता येईल. पण यात हसण्यासारखा पराभव कुठे आहे ते मला दाखवा. टिम बर्टनने १९९४मध्ये वूडवर चित्रपट काढला, त्यात लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडाउला ऑस्कर मिळालं, आणि तोही चित्रपट उभा आहे तो या मैत्रीवरच.

राहिला पहिला मुद्दा, वेळ वाया गेल्याचा.

'प्लॅन नाइन'मधले परके लोक पृथ्वीवर का येतात, ते आठवा. माणूस आधी फटाका बनवतो, मग हातबॉम्ब, मग मोठा बॉम्ब, मग अणुबॉम्ब, मग हायड्रोजन बॉम्ब. आता तो सूर्यप्रकाशाचे कणच फोडायला निघेल आणि स्वतःबरोबर सगळं विश्व जाळेल, म्हणून त्याला थांबवायचं. हे भाषण विचित्र भाषेत आहे, ते करणारा नट ते जवळजवळ ओरडून म्हणतो, आणि अमेरिकन नायक त्यावर ठोसा मारतो. पण साल बघा. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटावर 'कॅसल ब्राव्हो' स्फोट केला, अंदाजापेक्षा कितीतरी मोठा, १५ मेगाटनचा. त्याची राख दूरवर मासेमारी करणाऱ्या जपानी बोटीवर पडली आणि तिच्यावरची माणसं आजारी पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये 'गोजिरा' आला. 'रोबोट मॉन्स्टर'मध्ये पृथ्वीवर मूठभर माणसं उरतात, 'प्लॅन नाइन'मध्ये विश्व जळायची वेळ येते. प्रतिष्ठित चित्रपटांनी ही भीती नीट कपडे घालून मांडली. या स्वस्त चित्रपटांना तेवढा वेळही नव्हता नि पैसाही, त्यामुळे ती उघडीच बाहेर आली. त्या दशकात सामान्य माणसाला रात्री काय स्वप्नं पडत होती हे मला या चित्रपटांतून जास्त कळतं.

आणि शिकण्याबद्दल म्हणाल तर, माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच चित्रपट दाखवतो. चांगल्या चित्रपटाची शिवण दिसत नाही. म्हणूनच तो चांगला. दिवसा चित्रीकरण करून रात्र भासवायची तर प्रकाश कमी घ्यावा लागतो, आकाश चौकटीबाहेर ठेवावं लागतं, प्रिंट गडद काढावी लागते. हे पुस्तकात वाचून मुलगा विसरतो. 'प्लॅन नाइन'मधलं स्मशान एकदा पाहिलं की जन्मात विसरत नाही.

पटकथाकार डॅन ओबॅननचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. जॉन कारपेंटर आणि तो विद्यार्थी असताना दोघांनी 'डार्क स्टार' सुरू केला, १९७४मध्ये तो पडद्यावर आला, खर्च साठ हजार डॉलर. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रावर खेळतात तो फुगवायचा चेंडू, खाली पंजे लावलेला. लोक त्याला घाबरेनात, हसले. ओबॅननच्या मनात तेव्हाच आलं की हीच गोष्ट, यानात शिरलेला प्राणी, आता लोकांची गाळण उडेल अशी लिहायची. त्यातून १९७९चा 'एलियन' निघाला. त्या चेंडूवाचून तो प्राणी जन्मला नसता. कॉर्मनच्या स्वस्त यानांवर काम करत जेम्स कॅमरून घडला. फसलेल्या चित्रपटांना कुटुंबातून वजा केलं, तर सर ज्यांना मानतात त्यांपैकी कितीतरी जण निपुत्रिक नाही, पण पोरके होतील.

एक मात्र सरांच्या बाजूने बोलतो. अलीकडे मुद्दाम वाईट चित्रपट काढायचा धंदा निघालाय. वादळातून शार्क उडत येतात, 'शार्कनेडो', २०१३. तिथे काढणाऱ्यालाही ठाऊक, बघणाऱ्यालाही ठाऊक, दोघे मिळून आधीच हसून मोकळे. त्यात मला काही सापडत नाही. कुणी काही मिळवायला धावलाच नसेल, तर तो पडला कुठे हे बघण्यात काय अर्थ? सरांचा राग तिकडे वळला तर मी त्यांच्या शेजारी उभा राहीन. पण १९८२च्या तुर्की 'द्युन्यायी कुर्तारान आदाम'वर तो वळला तर मधे पडेन. 'स्टार वॉर्स'चे तुकडे उचलून त्यांनी अवकाशयुद्ध उभं केलं, हे उघड चोरीचं काम, कबूल. पण जुनेत आर्किन, शिकलेला डॉक्टर आणि त्या देशाचा लाडका नट, पायाला दगड बांधून माळावर ज्या निष्ठेने उड्या मारतो, ती निष्ठा कुठून उचललेली नाही.

पुढच्या महिन्यासाठी मी 'रोबोट मॉन्स्टर'चा प्रस्ताव समितीला दिला आहे. तासाभराचा आहे. आधी बोलायचं नाही, ओळख करून द्यायची नाही, असं ठरवलंय. पहिला खेळ नेहमीसारखा. मग दहा मिनिटं चहा, आणि त्यानंतर रोबो माळावर एकटा उभा राहतो तो प्रसंग पुन्हा लावायचा, पडदा काळा ठेवून, नुसता आवाज. सरांची तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मी धरून ठेवतोय.